झाल्या का आभाळाला शिव्या देऊन?

झाल्या असतील तर आता माझं ऐक.

"सर, अचानक आला हो पाऊस!" अचानक? आदल्या दुपारीच इशारा तुझ्या मोबाइलवर आला होता. तूच तो गावाच्या ग्रुपवर टाकलास, खाली हात जोडलेस आणि कूस बदललीस. काढलेला कांदा वावरात उघडा आणि ताडपत्रीची घरात घडीही मोडलेली नाही. याला अचानक म्हणतात?

एखादा अडाणी असं बोलला असता तर मी गप्प बसलो असतो. तू बीएस्सी झालास. अख्ख्या चांदवड तालुक्यात हे समजणारी पोरं किती? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा २०१७चा शोधनिबंध मला तूच समजावलास. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकूण पाऊस घटला, पण मोठ्या मुलखावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. अरबी समुद्र तापतोय, वारे जास्त बाष्प आणतात, हे अंगणात काडीने नकाशा काढून दाखवलंस. स्वतःच्या बांधावर आलास की ते शहाणपण कुठे जातं?

म्हणशील, तो अभ्यास पावसाळ्याचा, अशा अवकाळी गारपिटीचा नाही. बरोबर. पण २६ नोव्हेंबर २०२३ला नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा गारांनी झोडपल्या, त्या बघितल्यास ना? आणखी कोणता निबंध हवाय?

"निसर्गापुढे कुणाचं चालतं?" गारा थांबव असं कोण म्हणालं? समुद्र तू तापवला नाहीस. भरपाई तुझ्या हक्काची, ठणकावून माग. पण मागच्या खेपेला पीकविम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं आणि तू चौथ्या दिवशी फॉर्म शोधत फिरलास. वरातीमागून घोडं! तेव्हाही दोष नशिबाचाच?

कांदा तुझा भिजला, मजुरी तो काढणाऱ्या बायांची बुडाली. विजा कडाडत होत्या आणि त्या बाभळीखाली उभ्या होत्या. देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं विजेने मरतात, त्यात वावरात राबणारे किती असतात हे तुला मी सांगायला हवं? विजेचा इशारा देणारं आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप तुझ्या खिशात होतं. एक हाक मारायला जीभ का रेटली नाही?

केरळात मीनाचिल नदीच्या खोऱ्यात शाळकरी पोरं पाऊस मोजून नोंदी ठेवतात. तुला एक पर्जन्यमापक आणि एक वही जड होते?

कळत नाही त्याला शिकवता येतं. कळून न कळल्यासारखं करणाऱ्याचं काय करायचं?

उद्यापासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि लिहायचा. इशारा आला की आधी माणसं वावरातून काढायची, मग कांदा झाकायचा, ग्रुप शेवटी. दर रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये. सबब आणलीस तर ती उंबऱ्याबाहेर ठेवून ये.