बघ्या आणि साक्षीदार

'बघ्या' हा शब्द आपल्या मराठीत कोणी मानाने वापरीत नाही. रस्त्यात अपघात झाला की बघे जमतात, भांडण पेटले की बघे जमतात आणि पोलीस दिसले की पांगतात. 'साक्षीदार' या शब्दाला मात्र वजन आहे. साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते, शपथ घ्यावी लागते, वेळप्रसंगी कोणाचे वैरही पत्करावे लागते. दोघांच्या डोळ्यांना दिसलेले एकच असते. मग एकाला मान आणि दुसऱ्याला हेटाळणी, असे का? पूर्वी हा प्रश्न शाळेत निबंधाला घालण्यापुरता होता. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आहे आणि कोणाच्याही मरणाचे चित्र क्षणात घराघरांत पोहोचते. तेव्हा या प्रश्नाचा विचार वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आरंभ कुवेतपासून करू. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. 1961 पर्यंत तेथे रुपयाचे चलन होते आणि आज सुमारे दहा लाख भारतीय तेथे पोटापाण्यासाठी राहतात. 2017 च्या मार्च महिन्यात तेथील एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर इथिओपियाहून घरकामासाठी आलेली एक बाई खिडकीबाहेर एका हाताने लोंबकळत होती. "मला धरा" म्हणून ती ओरडत होती. समोर घरची मालकीण उभी होती. मालकीण तिला आत ये म्हणत राहिली, पण तिचा हात पुढे झाला नाही, कारण त्या हातात फोन होता आणि फोनवर चित्रीकरण चालू होते. काही सेकंदांत बाईची पकड सुटली. ती खालच्या पत्र्यावर आदळली, हात मोडला, नाकाकानांतून रक्त आले, पण दैव बलवत्तर म्हणून ती वाचली. मालकिणीने ते चित्रीकरण स्वतःच प्रसृत केले. पाहता पाहता ते जगभर गेले. पुढे मदत न केल्याच्या आरोपावरून मालकिणीला अटक झाली.

मदत न करणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे आपणांस नवे नाही. शेजाऱ्याचा जीव जात असता स्वस्थ उभे राहू नये, अशी आज्ञा लेवीयाच्या 19 व्या अध्यायात आहे. 1998 साली इस्राएलात याच आज्ञेच्या नावाने कायदा झाला. समोरच्या माणसाच्या जिवाला तातडीचा धोका असेल आणि स्वतःला धोका न होता मदत करता येत असेल, तर ती केलीच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे जेरूसलेम असो वा कुवेत, खोलीत हजर असलेल्या माणसाचे कर्तव्य कोणते याविषयी वाद नाही.

खरा वाद पुढेच आहे. त्या खोलीत मालकीण एकटी होती, पण तिच्यामागून लाखो लोकांनी तेच दृश्य पाहिले. त्यांपैकी कोणालाही हात देणे शक्य नव्हते. मग त्यांचे काही कर्तव्य होते की नव्हते?

अशी दृश्ये गोळा करून दाखविण्याचा एक धंदाच गेल्या काही दशकांत उभा राहिला. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात 'रॉटन', मग 'ऑग्रिश' आणि 2006 साली ऑग्रिश चालविणाऱ्यांनीच सुरू केलेले 'लाइव्हलीक', अशी त्याची वंशावळ आहे. अपघात, फाशी, युद्ध, खून हा यांचा माल. आपल्या वाचकांना डॅनियल पर्ल हे नाव आठवत असेल. हा अमेरिकन यहुदी पत्रकार आपल्या वृत्तपत्राचा दक्षिण आशियाचा प्रमुख म्हणून मुंबईत राहत असे. 2002 च्या आरंभी कराचीत त्याचे अपहरण होऊन खून झाला आणि मारेकऱ्यांनी खुनाची फीत काढली. अमेरिकेतील एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीने कुटुंबाची विनंती डावलून तिचा काही भाग दाखविला, आणि ऑग्रिशने तर ती आपल्या ग्राहकांपुढे ठेवली. फीत काढणाऱ्यांचा हेतू एवढाच होता की ती जास्तीत जास्त लोकांनी पाहावी. पाहणाऱ्या प्रत्येकाने, मनात कितीही हळहळ असली तरी, तो हेतू तडीस नेला.

या धंद्याची बाजू घेणारे लोक मूर्ख नाहीत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, युद्धाची आणि क्रौर्याची खरी चित्रे लपविणे हाही खोटेपणाच आहे. 2006 च्या 30 डिसेंबरला सद्दाम हुसेनला फाशी दिली तेव्हा सरकारने जी फीत दाखविली ती मूक होती. कोणीतरी चोरून फोनवर घेतलेली फीत बाहेर आली तेव्हा कळले की फासावर चढणाऱ्या माणसाला तेथे टोमणे मारले जात होते. त्या फितीवाचून जगाला हे कळले नसते. कुवेतचेच पाहा. मालकिणीने चित्रीकरण केले नसते तर एका मोलकरणीचे खिडकीतून पडणे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळींत संपले असते. मालकिणीचीच फीत तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. हा मुद्दा आम्हांला पूर्णपणे मान्य आहे.

पण पुरावा कोणापुढे ठेवायचा असतो? जो त्यावर काही करू शकतो त्याच्यापुढे. पोलीस, न्यायाधीश, मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था, जबाबदार वर्तमानपत्र, यांच्या हाती ती फीत पडली तेव्हा तिचे चीज झाले. ज्यांनी चहा पितापिता ती पाहिली, "अरेरे" म्हटले आणि दहा जणांना पुढे धाडली, त्यांनी त्या बाईसाठी काय केले?

येथे अशा फितींचा एक मोठा दोष सांगितला पाहिजे. त्या पडणे दाखवितात, पडण्याचे कारण दाखवीत नाहीत. मालकिणीकडून बाईने आत्महत्येचा प्रयत्न केला असे सांगण्यात आले. बाईने पुढे सांगितले की ती मरायला निघाली नव्हती, घरात जिवावर बेतले म्हणून जीव वाचविण्यासाठी बाहेर पडत होती. तिचे हे म्हणणे किती जणांनी ऐकून घेतले? 2015 साली कुवेतने घरकामगारांसाठी 68 क्रमांकाचा कायदा केला होता. आठवड्याची सुटी, वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा आणि कामाच्या तासांची मर्यादा त्यात होती. दोन वर्षांनंतरही एका कामकरी बाईला दारातून बाहेर जाण्याऐवजी खिडकी का जवळ करावी लागली? विचारायचा प्रश्न हा होता. परंतु पडायला काही सेकंद लागतात आणि कारण समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. धक्क्याच्या बाजारात सेकंदांनाच गिऱ्हाईक असते.

कुवेतमधीलच दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. 2024 च्या 12 जूनला पहाटे मंगफ भागातील कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे पन्नास माणसे मेली, त्यांपैकी 45 भारतीय होती. बरीचशी केरळची होती, आपल्या मुंबईचाही एक तरुण होता. काही देह असे जळाले होते की ओळख पटविण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. 14 जूनला हवाई दलाच्या विमानाने शवपेट्या कोचीला आणल्या. त्याआधीच, म्हणजे आगीच्या दिवशीच, जळत्या इमारतीची आणि काळ्या धुराची चित्रे भारतात फोनाफोनांवर फिरत होती. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा आत आहे हे घरच्यांना कळण्यापूर्वी परक्यांनी ती आग पाहून घेतली होती. पुढे चौकशीत निघाले की आग तळमजल्यावर विजेच्या दोषामुळे लागली, खोल्यांमधले आडोसे पेट घेणाऱ्या साहित्याचे होते आणि छताकडे जाणारे दार बंद होते. आग सर्वांना दिसली. ते बंद दार कोणत्याच चित्रात नव्हते, आणि माणसे मेली ती त्या दारामुळेही.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. पाहणे हीसुद्धा कृती आहे आणि कृतीबरोबर जबाबदारी येते. आपण पाहतो तेव्हा पाहिलेल्या माणसाचे काही देणे आपल्यावर येते. जो ते देणे मानतो तो साक्षीदार. जो मानीत नाही तो बघ्या, मग तो चौकात उभा असो वा घरी पलंगावर पडलेला असो.

घरात बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते, हेही खरे नाही. 2019 च्या 15 मार्चला न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे एका बंदूकधाऱ्याने दोन मशिदींत 51 माणसे मारली आणि त्याचे 17 मिनिटांचे चित्रीकरण फेसबुकवर थेट दाखविले. कंपनीने नंतर सांगितले की थेट चालू असताना ते दोनशेहून कमी वेळा पाहिले गेले, आणि त्या वेळात एकाही प्रेक्षकाची तक्रार आपल्याकडे आली नाही. पहिली तक्रार चित्रण संपल्यावर 12 मिनिटांनी आली. पुढच्या 24 तासांत कंपनीला त्याच्या 15 लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या. या 15 लाख प्रती मारेकऱ्याने चढविल्या नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्यांनी त्या चढविल्या होत्या.

बाजारालाही शेवटी काही मर्यादा दिसू लागल्या. 2014 साली सीरियात अमेरिकन पत्रकाराचा शिरच्छेद झाला, तेव्हा आपण मारेकऱ्यांचे हरकारे झालो आहोत हे ओळखून लाइव्हलीकने त्या टोळीच्या शिरच्छेदाच्या आणखी फिती न दाखविण्याचे ठरविले. 2021 च्या मे महिन्यात ते स्थळच बंद झाले. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. पूर्वी असली दृश्ये पाहायची तर मुद्दाम शोधावी लागत. आज ती न मागता येतात, कारण ज्या चित्रावर लोक थबकतात ते आणखी लोकांपुढे ढकलायचे, असा या यंत्रांचा हिशेब आहे. आपले थबकणे हीच त्यांची कमाई.

2023 च्या 7 ऑक्टोबरविषयी येथे फार लिहिण्याची गरज नाही. मारेकरी अंगावर कॅमेरे लावून आले होते. एका आजीच्या खुनाचे चित्र तिच्याच फोनवरून तिच्याच पानावर चढविले गेले आणि घरच्यांना बातमी तशी कळली. त्यानंतर इस्राएल सरकारने पाऊण तासाची एक फीत जुळवून पत्रकारांना, मुत्सद्द्यांना आणि लोकप्रतिनिधींना बंद खोलीत दाखविली, पण सर्वांसाठी खुली केली नाही. चित्र तसेच भयंकर, परंतु एकाने ते मेलेल्याच्या घरच्यांवर वार म्हणून फेकले, तर दुसऱ्याने पुरावा म्हणून ठरावीक लोकांपुढे ठेवले.

कोणी विचारील, मग कधीच दाखवू नये काय? तसे नाही. 1955 साली अमेरिकेत एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाच्या चेहऱ्याचे काय केले आहे ते जगाने पाहावे असा आग्रह धरला. ते छायाचित्र छापले गेले आणि पुष्कळांची झोप उडाली. पण तो निर्णय आईचा होता. ज्याचे जळते त्याला कळते, आणि काय दाखवायचे हे ठरविण्याचा अधिकारही आधी त्याचाच.

मृताला झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडेही आहे. मेलेला माणूस आपल्याकडे पाहू शकत नाही, म्हणून आपणही त्याला टक लावून पाहू नये, असा त्यातला विवेक आहे. फोन आला म्हणून हा विवेक जुना झाला नाही.

वाचकहो, असे चित्र तुमच्याकडे आले तर तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यातील माणसाला, किंवा त्याच्या आईला, हे मी पाहावे असे वाटेल काय? पाहून मी काही करणार आहे काय? ज्याला पुढे धाडतो आहे तो काही करू शकतो काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर ते चित्र तुमच्यापाशीच थांबू द्यावे. नातवंडांच्या हातात असे काही दिसले तर फोन हिसकावून घेऊ नये, कारण बंदीने चोरून पाहणे वाढते, हे शिक्षकी पेशातल्या आम्हां लोकांना चांगले ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे: हा माणूस कोण होता? त्याच्यावर ही वेळ का आली? मूल उत्तर शोधू लागले की ते बघ्यांच्या गर्दीतून बाहेर पडते.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. मुंबईत, ठाण्यात, अलिबागकडे आपली पूर्वीची शेजारी-स्नेही मंडळी असतील. त्यांच्यापैकी कोणाचा मुलगा आखातात कामाला असेल तर त्याला पत्र पाठवावे किंवा फोन करावा. राहत्या इमारतीतील छताचे दार उघडे असते का, एवढे एकदा पाहून ठेव म्हणून त्याला सांगावे.