प्रसंगाची दारू, दुकानाची दारू

पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या वाइन क्लबात परवा थंड हवेच्या प्रदेशांतल्या वाइन चाखण्याची संध्याकाळ झाली. मोझेल, शॅम्पेन, तास्मानिया अशी नावे त्यांनी फोनवर घेतली आणि वर म्हणाले, "पोंभुर्ण्याला यातलं काय म्हणा! तुमच्याकडे ऊन आणि मोहाची." चेष्टाच होती, पण सलली.

वास्तविक द्राक्षांचे नाशिक आणि आमचे चंद्रपूर जिल्ह्यातले पोंभुर्णा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. फरक उंचीचा. नाशिक सुमारे सहाशे मीटरवर, आम्ही दोनशेच्या आसपास. द्राक्ष उन्हात पिकले की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. रात्री गार असल्या तर तो टिकतो. म्हणून नाशिककर पावसाळा सरता सरता छाटणी करतात आणि घड थंडीत भरवतात. मोहाचे उलटे. त्याची गोडी चैत्राच्या उन्हातली. फुले रात्री आणि पहाटे गळतात, आणि ऊन चढायच्या आत, अस्वलाच्या आधी, बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. जागेची आणि ऋतूची चव म्हणतात ती हीच नव्हे काय? तरी द्राक्षाच्या वाट्याला रसग्रहण आणि मोहाच्या वाट्याला पंचनामा. ‘इतके लिटर मोहसडवा नष्ट’ ही बातमी आम्ही इतकी वाचली आहे, की आता नजर तिच्यावर थांबत नाही.

रसग्रहणाचेही फार कौतुक नको. २००१ साली बोर्दोतल्या फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरीच वाइन लाल रंग मिसळून ठेवली होती. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता. पहिल्या धारेची ओळखणारा आमच्याकडचा म्हातारा असा फसला असता का, हे मला पाहायला आवडेल.

तर मी मोहाची वकिली करायला बसलो होतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिक व्हॅली वाइनला त्यानंतर वर्षभराने. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला. मग आमच्या मोहाने काय घोडे मारले?

आडवे आले ते जानेवारी २०२२ मधले एक समर्थन. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा सांगण्यात आले, की वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि शेतकऱ्याचे भले होईल. यातला पहिला भाग खोडायचीही गरज नाही. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते, सहसा बारा टक्क्यांच्या आगेमागे. दुसरा भाग मात्र माझ्याच वकिलीचा होता. बागायतदाराचे भले, तसे मोहफूल वेचणारीचे भले. शत्रूच्या तोंडी आपलाच युक्तिवाद सापडला की तो तपासावा लागतो.

तपासताना मी एका भेदाकडे आलो. दारू दोन प्रकारची असते, प्रसंगाची आणि दुकानाची. गोंड घरांत जन्म, लग्न, मरण, देवाचे कार्य यांत मोह असतो. आधी चार थेंब देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. तिथे दिवस ठरलेला असतो आणि सोबत माणसे असतात. दुकानाच्या दारूला वार नसतो. ती रोज सकाळी शटरबरोबर उघडते. या हिशेबात माझ्या स्नेह्यांचा क्लब, ज्याची टर उडवायचे मी ठरवले होते, गोंडांच्या बाजूला जाऊन बसतो. तारीख ठरलेली, घोट मोजका, बरोबर खाणे, आणि बरेच जण तर चाखून थुंकून टाकतात. सुपरमार्केटची वाइन मात्र दुकानाच्या बाजूला. (तो निर्णय पुढे अमलात आला नाही, हे बरेच झाले.)

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरपर्यंत २०१० च्या डिसेंबरात चालत गेलेल्या बायका नेमके कशाविरुद्ध चालल्या होत्या? देवापुढच्या चार थेंबांविरुद्ध खचित नाही. नवऱ्याची मजुरी रोज जिथे रिकामी होते, त्या काउंटरविरुद्ध. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रसंगाचा मोह गुन्हेगारच राहिला आणि दुकानाची दारू चोरवाटेने घरपोच झाली. कायद्याला हा भेद दिसलाच नाही.

आणि मलाही आधी दिसला नव्हता म्हणून मी मोहासाठी सुबक बाटली मागत होतो. बाटली आली की परवाना येतो, मग भांडवल येते, आणि मोह रोजच्या फळीवर जाऊन उभा राहतो. फूल वेचणारीला टोपलीमागे चार रुपये जास्त मिळतील, पण तेच रुपये संध्याकाळी घरातून परत जाण्याची वाटही तीच बाटली करून देईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलावर, म्हणजे गौण वनोपजावर, गावाचा हक्क मान्य केला आहे. फुलाचा भाव गावाने ठरवावा, फूल खावे, विकावे, कार्याला गाळावे. फळीवरची बाटली मला आता नको आहे.

तरी कोणाला ती आणायचीच असेल, तर आपल्या राज्यात दुकान बंद करायला बायकांचे मतदान होते, उभी बाटली की आडवी बाटली. मोहाची बाटली येण्याआधीच ते मतदान घ्या, आणि फूल वेचणाऱ्या बायकांना त्यात पहिले मत द्या.