बंदीचे दोन महिने

दातिवरे या मच्छीमारांच्या गावात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, फटी बुजवणं चाललेलं. एरवी धंद्याच्या दिवसांत तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, चालत्या इंजिनाला कुणाला हात लावू देत नाही.

हीच शिस्त मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करताना पाहिली. बॅच चालू असताना कंट्रोल रूममधल्या संगणकाला शिवायचं नाही. बदलायचं ते वार्षिक शटडाऊनमध्ये. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा पाठिंबा 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला, तरी त्यावर चालणारी तिथली यंत्रं पुढे कित्येक वर्षं मुकाट चालली. नवे इंजिनियर हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. यंत्राचं काम तेच, तर त्याचा प्रोग्राम कशाला बदलायचा?

फोनवर मात्र उलटा न्याय. सहा महिने अपडेट आलं नाही की लोक म्हणतात, ॲप बंद पडलं वाटतं. मग बनवणाराही काहीतरी हलवून दाखवतो. सरावाचं बटण जागा सोडतं आणि उतारवयात फोन शिकलेली आजी पुन्हा नातवाला हाक मारते.

पण ‘हात लावू नका’ एवढ्यानं भागत नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या हल्ल्यानं आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक ठप्प केले. तो जगात शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आणि पसरायला त्यानं विंडोजमधलं जे भोक वापरलं, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. म्हणजे अपडेट घेणारेही बुडाले, न घेणारेही!

होडीला भर समुद्रात भोक पडलं तर तांडेल पुढच्या जूनची वाट पाहत नाही. रंगासाठी मात्र पाहतो. डेबियन ही संगणकप्रणाली साधारण असंच वागते. नवी आवृत्ती दोनेक वर्षांनी. मधल्या काळात फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या. इतरांना हे अशक्य आहे असं मला वाटत नाही, फक्त त्यात दाखवायला काही नसतं.

तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, दुरुस्ती आणि नवलाई एका गाठोड्यात बांधू नका. दुरुस्ती आम्ही त्याच दिवशी लावू. नवलाई कधी घ्यायची ते आम्हाला ठरवू द्या. आणि वापरणाऱ्यांनो, वर्षभर काही नवं आलं नाही एवढ्याच कारणासाठी नीट चालणाऱ्या ॲपला एक तारा देऊ नका.