तान्ह्याचा योगक्षेम कोण वाहतं?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२

हा श्लोक तुम्ही गीता उघडली नसेल तरी पाहिलेला असतो. एलआयसीच्या बोधचिन्हाखाली जे संस्कृत शब्द असतात, ते याच श्लोकाचा शेवट आहेत. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्या भक्ताच्या योगक्षेमाची जबाबदारी भगवंत इथे स्वतःवर घेतात. योग म्हणजे जे जवळ नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे मिळालंय ते सांभाळलं जाणं.

माझा हा श्लोक लहानपणापासून पाठ. आजीने म्हणवून घेतलेला. परीक्षेच्या आधी म्हणायचा, मुलाखतीला जाताना म्हणायचा. पण त्याचा अर्थ काय, हे मी खरं म्हणजे एकदाच विचारलं. आषाढ होता, रत्नागिरीत पाऊस कोसळत होता, आणि माझी लेक चार तासांची होती.

बाळंतपणाला मी पुण्याहून माहेरी आले होते. सगळं सुरळीत झालं. मुलगी झाली, रडली, वजन चांगलं होतं. आजी मधाची बाटली आणि सोन्याचं वळं घेऊनच आली होती, पणतीला चाटवायला. पण बाळाच्या तोंडाला सारखा फेस येत होता. पुसला की परत यायचा. ड्युटीवरच्या सिस्टरने ते पाहिलं आणि आजीचा हात धरला. "आजी, काही चाटवू नका. एक थेंबसुद्धा नको." तिने एक बारीक नळी बाळाच्या तोंडातून आत सरकवली. ती साधारण दहा सेंटीमीटरवर अडकली. एक्स-रेमध्ये ती नळी वरच्या वर वळून बसलेली दिसली.

बाळाची अन्ननलिका जोडलेलीच नव्हती. वरचा भाग बंद पिशवीसारखा, आणि खालचा भाग श्वासनलिकेला चिकटलेला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांत एखाद्या बाळाला असं होतं. गिळलेली लाळसुद्धा खाली जात नाही, ती फुप्फुसात उतरते. त्या दिवशी मध चाटवला असता, मी कौतुकाने पदराखाली घेतलं असतं, तर काय झालं असतं, हे आजी आजही बोलून दाखवत नाही.

ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं. बाळाला अँब्युलन्समधून न्यायचं, डोक्याकडची बाजू उंच ठेवून, वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढून घेत. नवरा आणि बाबा सोबत गेले. माझे टाके ताजे होते, म्हणून मला ठेवून गेले. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, कशेडी... बाबांचे फोन येत होते, रेंज जात होती. मी खाटेवर बसून त्या रस्त्याचं एकेक वळण मोजत होते.

आणि तेव्हाच भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी हळूच विचारलं, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गो?"

खरं सांगते, नळी अडकली तेव्हा मी जितकी हादरले नाही, तितकी त्या प्रश्नाने हादरले. कारण मला आठवेना. कधी भाजी चिरली असेन. ऑफिसला गेलेच होते. रात्रभर मी आठवत राहिले. मग वाटलं, ग्रहण नसेल तर प्रारब्ध असेल. माझं नाही तर तिचं. चार तासांच्या जिवाचं कसलं प्रारब्ध?

ज्यांच्या घरी असं काही घडलंय त्यांच्यासाठी हे स्पष्ट लिहून ठेवते. अन्ननलिका आणि श्वासनलिका पोटातल्या बाळात सुरुवातीला एकाच नळीतून तयार होतात आणि गर्भारपणाच्या अगदी पहिल्या काही आठवड्यांत वेगळ्या होतात. पुष्कळ बायकांना तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. तो दुभंग नीट का होत नाही, याचं बहुतेक वेळा एकच असं कारण सापडत नाही. विळीने होत नाही आणि सूर्य-चंद्रानेही होत नाही. आईला हा प्रश्न विचारू नका. विचारून झाला असेल तर जाऊन माफी मागा. तीही साधनाच आहे.

त्या रात्री मी आजीला म्हटलं, "तुझा नववा अध्याय काढ. बघू काय म्हणतो तुझा देव." आजी पावसची. स्वामी स्वरूपानंदांचं घराण्यात प्रेम. स्वामींनी ज्ञानेश्वरी आजच्या मराठीत अभंगरूपाने आणली, ती अभंग ज्ञानेश्वरी तिच्या उशाशी असते. ती चिडली नाही. चष्मा लावला आणि शांतपणे वाचायला लागली.

माउली या श्लोकावर बोलताना दोन उदाहरणं देतात. एक पक्षिणीचं. पंख न फुटलेलं पिल्लू काही करू शकत नाही, पक्षिणी त्याच्यासाठीच जगते. दुसरं आईचं. ती स्वतःची तहानभूक विसरते, आणि तान्ह्याचं जे भलं ते करणं हे तिचंच काम होऊन बसतं.

मला राग आला. म्हटलं, आजी, इथे तान्हं उपाशी आहे. आई इथे, तान्हं घाटात. कुठली पक्षिणी नि कुठलं काय.

आजी एवढंच म्हणाली, "बाय, राग ये तर येऊ दे. पण त्याच्याकडेच तोंड करून ये."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. उजव्या बाजूने बरगड्यांमधून जाऊन श्वासनलिकेची वाट बंद केली आणि दोन टोकं जोडली. दोन दिवसांच्या बाळाची अन्ननलिका केवढी असेल, विचार करा. असं एकाच वेळी टोकं जोडून वाचवलेलं पहिलं बाळ अमेरिकेत मिशिगनला, १९४१ साली. डॉक्टर कॅमेरॉन हाइट. म्हणजे माझी आजी जन्मली तेव्हा या आजाराचं बाळ जवळजवळ कुठेच वाचत नव्हतं. हे मी नंतर वाचलं आणि आजीच्या मधाच्या बाटलीकडे बघून पोटात गोळा आला.

मी आईबरोबर रेल्वेने पोचले तेव्हा बाळ व्हेंटिलेटरवर होतं. पायाला पट्टी, त्यावर माझं नाव, कारण तिचं अजून नव्हतं. खाटेवर लिहिलेलं होतं: तोंडाने काही नाही.

पाचवीची रात्र आली. आपल्याकडे म्हणतात, सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. घरी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. इथे कुठला पाट? पण रात्रीची सिस्टर मात्र दर तासाला येऊन लिहीत होती. श्वास किती, ठोके किती, लघवी किती, छातीतल्या नळीतून किती आलं. सकाळी तो कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. सटवाईने काय लिहिलं मला माहीत नाही. सिस्टरने लिहिलेलं मी वाचलं.

सातव्या दिवशी औषध पाजून फोटो काढला. जोडाच्या जागी थोडी गळती होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आपोआप भरेल, पण अजून तोंडाने काही द्यायचं नाही. थांबायचं. दूध नळीने थेट पोटात जात होतं, थेंबाथेंबाने. मी दर तीन तासांनी दूध काढायचे, बाटलीवर तारीख-वेळ लिहायचे. ती तोंड उघडायची, मान वळवायची, शोधायची. मला तिथेच उभं राहून ते बघायचं होतं आणि काही द्यायचं नव्हतं.

एका दुपारी ती अशीच शोधत होती आणि मला एकदम माउलींचा दृष्टांत आठवला. तान्ह्याचं भलं करणं हे आईचं काम. ते भलं त्या दिवशी न पाजण्यात होतं. तिला काय वाटत असेल? आई आहे, वास येतोय, आवाज येतोय, तरी देत नाही. तिच्या दृष्टीने मी निष्ठुरच. मला मात्र माहीत होतं की मी हलले नव्हते, आणि तिच्याहून जास्त भूक मला लागली होती.

इथे मी हे चिंतन संपवलं असतं तर सोपं झालं असतं. "देव देत नाही तेव्हाही भल्यासाठीच," असं लिहून मोकळी झाले असते. पण पलीकडच्या खाटेवर आणखी एक बाळ होतं.

त्याची आई सोलापूरकडची. त्याच्या पोट आणि छाती यांमधल्या पडद्यालाच भोक होतं, आतडी छातीत गेलेली, फुप्फुसं वाढलीच नव्हती. ती ताई माझ्याहून जास्त नामस्मरण करायची. तुळशीची माळ, वारी न चुकवणारं घर. बाराव्या दिवशी मी माझ्या लेकीच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा आत्या म्हणून कुर्रर्र तिनेच केलं. दोन दिवसांनी तिचा मुलगा गेला.

त्याच्या भल्यासाठी गेला, असं मी म्हणणार नाही. म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि श्लोकात तसं लिहिलेलंही नाही. माझी प्रार्थना ऐकली आणि तिची नाही, असं मानलं तर तो देव माझ्या कामाचा नाही.

बाळ गेलं तरी दूध थांबत नाही. हे मला माहीत नव्हतं. छाती भरून येते, दुखते, ताप चढतो. तिसऱ्या दिवशी ताई कागदपत्रं न्यायला आली, तेव्हा तिने सिस्टरला विचारलं, "माझं दूध वाया चाललंय. कुण्या लेकराला चालंल का?" सिस्टरने तिला दूध पेढीबद्दल सांगितलं. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध पाश्चराइझ करून साठवतात, आणि ज्यांच्या आईला दूध नाही अशा कमी वजनाच्या, आजारी बाळांना देतात. ताईने रक्त दिलं, दूध दिलं, आणि संध्याकाळच्या गाडीने गावी गेली.

त्या रात्री मी श्लोकातलं शेवटचं क्रियापद पुन्हा पाहिलं. भगवंत म्हणतात, मी *वाहतो*. मिटवतो किंवा टाळतो असं ते म्हणत नाहीत. वाहणं म्हणजे ओझं उचलणं. ओझं असतंच, ते कुणीतरी खांद्यावर घेतं. आणि खांदे कुणाचे? मध थांबवणारा सिस्टरचा हात, परशुराम घाटात लाळ ओढत बसलेला अँब्युलन्समधला मुलगा, रात्रभर लिहिणारी ती दुसरी सिस्टर, मिशिगनचा तो डॉक्टर. आणि सोलापूरची ताई. तिला भगवंताकडून काही मिळालं का, हे मला कळलं नाही. पण त्या आठवड्यात कुठल्या तरी अनोळखी तान्ह्याचा योगक्षेम तिने वाहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गाडगेबाबांनी जे.जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली, ती याच जाणिवेतून असणार. देवळात देव आहेच, पण इस्पितळाच्या फूटपाथवर जो झोपलाय त्याचा योगक्षेम आधी.

तर अनन्य म्हणजे काय? मला वाटायचं, फक्त देवाचाच विचार, दुसरं काही नाही. आता वाटतं, ज्याला दुसरं कुणी 'दुसरं' उरलं नाही, तो अनन्य. ताईला ते बाळ परकं वाटलं नाही.

सतराव्या दिवशी पुन्हा फोटो काढला. गळती नव्हती. पहिल्यांदा मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिला चोखायचं कसं तेच कळेना. दोघी शिकलो. चोविसाव्या दिवशी सुट्टी झाली. सगळं संपलं असं नाही. जोडाची जागा आकसली म्हणून ती दोनदा रुंद करून घ्यावी लागली. ती खोकते तेव्हा भांडं आपटल्यासारखा आवाज येतो, बसमध्ये लोक वळून बघतात. आजी म्हणते, "घंटा आहे ती. वाजू दे." पेजेचा घास मात्र ती अजून हळू हळूच गिळते, आणि मी प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत श्वास धरून असते.

आजची साधना

एक: घरात नवं बाळ असेल, तोंडाला सारखा फेस येत असेल, पाजताना ठसका लागून निळं पडत असेल, तर मध, गुटी, पाणी काही देऊ नका. लगेच दाखवा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणी आणि पुढची मदत असते. रुग्णालयात विचारा, लाजू नका.

दोन: आज नामस्मरण झाल्यावर एका माणसाचं नाव आठवा, ज्याने तुमचं ओझं कधीतरी वाहिलं. शक्य असेल तर फोन करा.

तीन: आज कुणाचं तरी वाहा. थोडंसं. डबा पोचवा, रक्त द्या, इस्पितळात कुणाशेजारी तासभर बसा. उपदेश न करता.

मी रोज लेकीला झोपवताना हा श्लोक म्हणते. शेवटच्या शब्दाशी आले की तिचं नाव घेते, आणि त्यानंतर ताईच्या मुलाचं. त्याचं बारसं झालं नव्हतं, पण ताईने मला नाव सांगून ठेवलं होतं.

राम कृष्ण हरी.