दोन राजे, एक नाणे आणि फोकस

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, मुळात सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला पर्वतचिन्हाचा छाप पुन्हा मारलेला. हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा पर्वत! जेमतेम पंधरा मिलिमीटरच्या अशा नाण्याचा जवळून फोटो काढायचा, तर नेमके काय खरे दाखवायचे?

लेन्स एका वेळी एकाच पातळीला न्याय देते. वस्तूएवढीच प्रतिमा घेताना एफ/८ वर जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. पाचपट मोठी घेतली की मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग उरतो. छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करावे, तर वस्तूएवढ्या प्रतिमेला ते एफ/४४ सारखे वागते आणि प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून फोकस स्टॅकिंग: फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि झेरीन किंवा हेलिकॉनसारख्या सॉफ्टवेअरने त्यांतले स्पष्ट भाग जोडायचे.

असे जोडलेले चित्र कितपत खरे, हे पाहायला जैन तत्त्वज्ञान उपयोगी पडते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात वस्तू जाणण्याचे मार्ग दोन आहेत: प्रमाण आणि नय. प्रमाण म्हणजे वस्तूचे समग्र ज्ञान. नय म्हणजे एका बाजूने घेतलेले दर्शन. इतर बाजू नाकारत नाही तोवर ते खरेच असते. स्टॅकमधली प्रत्येक फ्रेम असा एक नय मानली, तर जोडलेले चित्र प्रमाण ठरते का?

इतके सोपे नाही. सॉफ्टवेअर धूसर भाग टाकून देते, आणि खोलीची एक खूण त्या धूसरपणातच होती. शिवाय फ्रेमा कशा मिळवल्या, यावरही बरेच ठरते. फोकसिंग रेलवर अख्खा कॅमेरा सरकतो, म्हणजे बघणाऱ्याची जागाच बदलते. बेलोजवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या भात्यावर, लेन्स स्थिर ठेवून कॅमेऱ्याकडचा मागचा भाग सरकवला, तर जागा तीच राहते. बदलतो तो प्रतिमेचा आकार, आणि तो हिशेबाने जुळवता येतो. तत्त्वाच्या दृष्टीने बेलोज अधिक प्रामाणिक वाटतो. पण पाचपट मोठ्या प्रतिमेत फोकस अर्धा मिलिमीटर हलवायला मागचा भाग बारा मिलिमीटरच्या आसपास सरकवावा लागतो. तिथे मोटरची रेल किंवा सूक्ष्मदर्शकाचा बारीक फोकसचा ठोकळाच कामाला येतो. उलट, सपाट ठेवलेले अख्खे नाणे एका चौकटीत घ्यायचे असेल, तर उठाव इतका कमी असतो की मॅक्रो लेन्सचे कडे फिरवून काढलेल्या थोड्या फ्रेमाही पुरतात. महागडी रेल तिथे बहुधा शोभेपुरती.

थोडक्यात, साधन निवडणारा केवळ सोय पाहत नसतो. बघण्याची जागा राखायची की फोकस सरकवण्याच्या पायरीची बारकाई, हा निर्णयही तो घेत असतो.

जोगलटेंभीच्या नाण्यावर या निर्णयाला वजन येते. कोणता छाप वर, कोणता खाली, हाच तिथला इतिहास. सर्वत्र सारख्याच धारदार चित्रात नहपानाचे नाक आणि सातकर्णीचा पर्वत एकाच पातळीवर आल्यासारखे दिसू शकतात. तिरप्या प्रकाशाची सावली ठेवली, तर कोण कोणाच्या अंगावर चढले आहे हे कळते. झेरीनमध्ये एखाद्या मूळ फ्रेममधला भाग हाताने निवडून चित्रात भरता येतो; पण दोन छाप एकमेकांना छेदतात तिथे असा हात फिरवला, तर पुरातत्त्वाचा निष्कर्षच फिरू शकतो. अशा नाण्याच्या नोंदीत जोडलेल्या चित्रासोबत मूळ फ्रेमा, त्यांमधले अंतर आणि प्रकाशाची दिशाही असायला हवी.