न दिसणाऱ्या वस्तुमानाचे अनुमान

पूर आलेल्या नदीवरून वर पडलेल्या पावसाचे, म्हणजे कार्यावरून कारणाचे, जे अनुमान होते त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ‘शेषवत्’ म्हणतात. परंतु जे कारण प्रत्यक्ष दिसतच नाही त्याचे अस्तित्व अशा अनुमानाने सिद्ध होते काय, हा प्रश्न लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील तप्त वायूने नव्याने उभा केला आहे. १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने, जवळजवळ वायुविरहित समजल्या जाणाऱ्या या दीर्घिकांपैकी अनेकींत सुमारे एक कोटी अंश तापमानाचा, क्ष-किरण उत्सर्जित करणारा विरळ वायू असल्याचे दाखवले. इतका तप्त वायू खरे तर उधळून जायला हवा; तो टिकतो, कारण बाहेर रेटणारा दाब आणि आत ओढणारे गुरुत्व यांचा तोल, म्हणजेच जलस्थैतिक समतोल, साधलेला असतो, आणि दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्व त्यास पुरत नसल्याने न दिसणारे कृष्णद्रव्य मानावे लागते. (केवळ प्रत्यक्ष मानणारा चार्वाक येथेच उठून गेला असता.) मात्र कन्या समूहातील एम८७ मध्ये केंद्रस्थ कृष्णविवराच्या झोतांनी वायूत पोकळ्या पाडल्या आहेत, आणि वायू असा घुसळला जातो तेथे समतोलाचे गृहीतक डळमळते, न्यायाच्या परिभाषेत व्याप्तीला, म्हणजे हेतू व साध्य यांच्या नियत साहचर्याला, ‘उपाधी’, म्हणजे ते साहचर्य सापेक्ष करणारी अट, चिकटते. तरीही ताऱ्यांच्या गतींवरून स्वतंत्रपणे काढलेले वस्तुमान पुष्कळदा वायूवरून काढलेल्या वस्तुमानाच्या जवळपास येते, ही बाब संशयवाद्याला सहज झटकता येणारी नाही.