‘तसा’ म्हणजे कसा?

प्राचीन रोमन माणसं दिसायला कशी होती, यावर आपली पोरं वाद घालतात. सिनेमात बघावं तर सगळे गोरेपान, सरळ नाकाचे. मला हा वाद फुकटचा वाटत नाही. ‘माणूस दिसतो कसा’ या प्रश्नाच्या पोटात ‘माणूस लायकीचा आहे का’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो.

आधी रोमनांचं बघू. त्यांचे संगमरवरी पुतळे पांढरेफेक, म्हणून रोमनही गोरे, असं लोकांनी धरून टाकलं. पण पुतळे रंगवलेले असत. १८६३ साली रोमजवळ प्रीमा पोर्ता इथं ऑगस्टसचा पुतळा सापडला, त्यावर रंगाचे अंश होते. रंग मातीत गेला, उरलेल्या दगडाला लोक कातडी समजले! इजिप्तमध्ये फायूमला रोमन काळातली, फळीवर रंगवलेली चित्रं मिळाली. त्यातले कितीतरी चेहरे गव्हाळ, सावळे, कुरळ्या केसांचे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस (१९३ ते २११) आजच्या लिबियात जन्मला. बर्लिनमधल्या चित्रात तो सावळाच आहे. उलट सोनेरी केसांचा जर्मन रोमच्या बाजारात गुलाम म्हणून विकला जाई.

म्हणून रोम न्यायी होतं काय? नाही. माणूस बाजारात उभा करायला त्यांना कातडीचा आधार लागत नव्हता, एवढंच. आणि गर्वही होताच. त्यांचा विट्रुव्हियस लिहून गेला, की उत्तरेचे शूर पण मंद, दक्षिणेचे हुशार पण भित्रे, आणि मधले आम्ही सर्वगुणसंपन्न. सत्ता ज्याची, मध्य त्याचा.

हे लोक आपल्याकडंही येत. सरावलीतून बोईसरला जा, गाडी धरा, विरार ओलांडलं की नालासोपारा. तेच जुनं सोपारा बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पश्चिमेच्या माणसांना आपले लोक यवन म्हणत. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी खांब दान दिले. खांबावर गाव लिहिलंय, नाव लिहिलंय, दान लिहिलंय. नाक लिहिलेलं नाही.

नाक लिहिलं ते साहेबानं. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. जात वर तसं नाक बारीक, हा त्याचा सिद्धांत. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलं, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली मापंच घेतली आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ही समजूत मोडून काढली. त्यांचीच पट्टी, त्यांच्याच पाठीवर.

आता आपलं. तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात दोन कामगार पाळी संपवून हात धुतात. दोघांचे हात कोपरापर्यंत निळे. तरी नवा आलेला पहिल्यांदा विचारतो, ‘आडनाव काय?’ जात दिसत नाही, म्हणून तर ती विचारावी लागते.

अशाच एका कारखान्यात वरचा माणूस मला म्हणाला, ‘तू तसा वाटत नाहीस हां.’ त्याला वाटलं, कौतुक केलं. आपली कितीतरी शिकलेली पोरं अशा वेळी गालात हसतात. काही जण म्हणतात, ‘आमच्यातही गोरे आहेत की!’ इथंच माझं भांडण आहे. हसलो की त्याची पट्टी आपण मान्य केली. मी ‘तसा’ नाही, तर ‘तशी’ कोण? उन्हात राबून करपलेली माझी आई? तिला खाली ठेवून मी वर चढायचं? रोमन सम्राट सावळा होता, हे ऐकून छाती फुगवणंही त्यातलंच. उद्या तो गोरा निघाला तर आपण काय कमी होणार?

तेव्हा उद्या कुणी असं कौतुक केलं, तर आभार मानू नका. शांतपणे विचारा, ‘तसा म्हणजे कसा?’ आणि त्यानं तोंडानं उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.